मिठाचे पाणी आणि समुद्र : पोलादाच्या क्षरण-कसोट्यांची एक चिकित्सा

समुद्रात पोलाद किती वेगाने गंजते, या प्रश्नाचे उत्तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर बसून देता येईल काय? प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटतो. परंतु देशाच्या अंतर्भागातील रसायनशास्त्राच्या व धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्याचे उत्तर नित्य दिले जात असते. लातूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत सुमारे ३७५ किलोमीटर, तर नांदेडपासून ४५० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीसुद्धा येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने हा विषय हाती घेतला, तर त्याला लागणारा ‘समुद्र’ प्रयोगशाळेतच सिद्ध होतो : एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम सोडियम क्लोराइड. या विद्रावात पोलादाची पट्टी बुडवावी, काही दिवसांनी तिचे वजन करावे, किंवा तिला विद्युत् अग्र करून तिचे ध्रुवण मोजावे, आणि आलेल्या आकड्यास ‘सागरी परिस्थितीतील क्षरण-वेग’ असे नाव द्यावे, ही परिपाठी इतकी रूढ झाली आहे की तिच्यामागे काही गृहीते आहेत याचे भानही पुष्कळदा उरत नाही. त्या गृहीतांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विद्राव वापरूच नये, असे येथे प्रतिपादन नाही. त्यातून निघालेल्या आकड्यास कोणते नाव शोभते, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याची सेवा जेमतेम दीड दशकाची झाली होती. पूर्वताणित काँक्रीटमधील पोलादाचे खाऱ्या हवेतील क्षरण हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. मालवण येथील राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. तेथील नटबोल्ट समुद्राच्या वाऱ्याने गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याने काही दिवस आधीच पत्राने कळविले होते. या दुर्घटनेस गंज हे एकच कारण नव्हते. सांगाड्याची कमकुवतता आणि जोडकामातील दोष यांचाही विचार पुढे झाला. तथापि पोलाद किनाऱ्यावर किती काळ टिकेल, या अंदाजावर माणसांचे प्राण आणि लोकांच्या भावना अवलंबून असतात, ही गोष्ट या दोन्ही घटनांनी सारखीच दाखवून दिली. मराठवाड्यास हा प्रश्न परका नाही. जालना हे लोखंडी सळयांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र आहे, आणि तेथील भट्टीतून निघालेली सळई पुढे कोणत्या खाडीच्या पुलात जाऊन बसेल हे कोणी सांगावे!

१. साडेतीन टक्क्यांत काय येते आणि काय सुटते

साडेतीन टक्के हे प्रमाण मनमानीने ठरलेले नाही. खुल्या समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात. शिवाय हवेशी संपर्क असलेल्या विद्रावात मीठ वाढवीत गेल्यास लोहाच्या क्षरणाचा वेग प्रथम वाढतो, सुमारे तीन टक्क्यांच्या आसपास कमाल होतो, आणि त्यापुढे ऑक्सिजनची विद्राव्यता घटू लागल्याने उतरतो. म्हणजे निवडलेले प्रमाण समुद्राच्या लवणतेशी जुळते आणि क्षरणाच्या कमाल वेगाच्याही जवळ पडते. या दुहेरी सोयीमुळेच ते इतके लोकप्रिय झाले असावे.

परंतु लवणांची बेरीज जुळली म्हणजे पाणी जुळले असे होत नाही. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यातील ३५ ग्रॅमांपैकी क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम आणि सोडियम १०.८ ग्रॅम असते. उरलेल्यात सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम, आणि थोडे बायकार्बोनेट यांचा समावेश होतो. वजनाने गौण दिसणारे हे घटक क्षरणाच्या क्रियेत मात्र गौण नाहीत. गंजणाऱ्या पोलादावर जेथे लोह विरघळते ते ॲनोडचे स्थान, आणि जेथे विरघळलेल्या ऑक्सिजनचे क्षपण होते ते कॅथोडचे. कॅथोडच्या स्थानी हायड्रॉक्सिल आयन निर्माण होऊन पृष्ठालगतचे पाणी अल्कधर्मी बनते. समुद्रात हे घडताच कॅल्शियम कार्बोनेट व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड अवक्षेपित होऊन पृष्ठावर बसतात आणि ऑक्सिजनची वाट अडवितात. शुद्ध मिठाच्या विद्रावात कॅल्शियमही नाही आणि मॅग्नेशियमही नाही. तेथे हा संरक्षक थर बसणारच कशाचा? यास्तव पुष्कळ वेळा मिठाचे पाणी हे खऱ्या समुद्रापेक्षा पोलादास अधिक घातक ठरते.

येथे कोणी म्हणेल की, कसोटी अधिक कठोर असली तर बिघडले कोठे? अंदाज सुरक्षिततेच्या बाजूसच झुकेल. हे समाधान फार काळ टिकत नाही, कारण चूक उलट दिशेसही होते. विद्रावात सल्फेट नाही, म्हणून सल्फेट-क्षपणकारी जंतूंना तेथे अन्न नाही. खऱ्या समुद्रात पोलादावर प्रथम सूक्ष्म जीवांचा चिकट थर, मग शेवाळ, बार्नॅकल, कालवे यांची वस्ती होते. या वस्तीखाली आणि गंजाच्या जाड पापुद्र्याखाली ऑक्सिजन संपतो. तेथे हे जंतू सल्फेटापासून सल्फाइड तयार करतात, आणि क्षरण पुन्हा वेग घेते. बंदरातील सांडपाण्याने जंतूंच्या पोषणात भर पडते. मिठाचा विद्राव आरंभी समुद्रापेक्षा कठोर, पण दीर्घकाळात सौम्य ठरण्याचा संभव आहे. चुकीची दिशाच जेथे निश्चित नाही, तेथे ‘सुरक्षिततेच्या बाजूचा अंदाज’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

खारेपण म्हणजे समुद्र नव्हे, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या पठारावरच उपलब्ध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारट आहे. परंतु त्यातील कार्बोनेटांमुळे त्याचा पीएच १० च्या आसपास असतो, तर समुद्राचा सुमारे ८.१. इतक्या अल्कधर्मी पाण्यात पोलादावरील ऑक्साइडचा पडदा अधिक टिकतो, आणि हल्ला झालाच तर क्लोराइडमुळे ठिकठिकाणी खड्डे पडण्याच्या रूपाने होतो. दोन्ही पाणी जिभेला खारटच; पण धातूच्या दृष्टीने ती दोन निराळी जगे आहेत.

या उणिवेवर कृत्रिम समुद्रजलाचा उपाय सुचविला जातो. अमेरिकन मानकांत दिलेल्या सूत्रानुसार अनेक लवणे मिसळून ते तयार करता येते. त्याने खनिज घटकांचा प्रश्न सुटतो, जीवांचा सुटत नाही. मुंबईहून किंवा रत्नागिरीहून कॅनमध्ये भरून आणलेले खरे पाणीही या बाबतीत फारसे साहाय्यक नाही. बंद भांड्यात त्यातील जीव मरतात, सेंद्रिय द्रव्य कुजते, वायूंचे प्रमाण बदलते. नांदेडास पोचेपर्यंत ते समुद्राचे पाणी असते, समुद्र नसतो.

२. धुक्याचे तास आणि किनाऱ्यावरची वर्षे

दुसरी रूढ कसोटी मिठाच्या धुक्याची. जे. ए. कॅप यांनी १९१४ साली ती सुचविली आणि १९३९ मध्ये अमेरिकन मानकसंस्थेने तिला प्रमाणरूप दिले. बंद पेटीत ३५ अंश सेल्सियस तापमानास पाच टक्के मिठाचे धुके अखंड सोडले जाते आणि नमुना किती तासांनी गंजला हे पाहिले जाते. कारखान्यात एकाच पद्धतीने रंगविलेल्या मालाचा दर्जा घसरला आहे काय, हे ओळखण्यास ही कसोटी उपयुक्त आहे. परंतु ‘पाचशे तास टिकले म्हणजे किनाऱ्यावर अमुक वर्षे टिकेल’ असे समीकरण मांडण्यास तिच्यात आधार नाही. धुक्यातील निष्कर्ष आणि निसर्गातील अनुभव यांचा मेळ क्वचितच बसतो, अशी कबुली त्या मानकातच दिलेली आहे. मानकाचा हवाला देणाऱ्यांनी मानकातील हे वाक्यही वाचावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

मेळ न बसण्याचे कारण उघड आहे. पेटीत नमुना कधीच वाळत नाही. कोकणात मात्र चार महिने पाऊस उघड्या पृष्ठावरील मीठ धुऊन टाकतो; उरलेले महिने समुद्रावरून येणारा वारा मीठ आणून साठवितो; रात्री दव, दुपारी ऊन. तुळईची वरची बाजू धुतली जाते आणि खालची, पाऊस न लागणारी बाजू मीठ धरून बसते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या बाबतीत हा भेद विशेष उठून दिसतो. वाळताना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडच्या योगे जस्तावर संरक्षक कार्बोनेट तयार होते. अखंड ओलाव्यात ते नीट होत नाही, आणि म्हणून धुक्याच्या पेटीत जस्त त्याच्या खऱ्या योग्यतेहून हीन ठरते.

‘किनारा’ हा शब्दही तितकाच फसवा आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात क्यूर बीच येथे १९३० च्या दशकात सुरू झालेल्या परीक्षणकेंद्रावर समुद्रापासून सुमारे २५ मीटर आणि २५० मीटर अशा दोन अंतरांवर पोलादाचे नमुने ठेवण्यात आले. पहिल्या जागी क्षरण दुसऱ्याच्या सुमारे दहापट आढळले. एका गावाच्या हद्दीत जर दहापट फरक पडत असेल, तर ‘सागरी वातावरण’ एवढ्या शब्दांनी परिस्थितीचे वर्णन झाले असे कसे मानावे?

३. सुट्या पट्टीची साक्ष

क्यूर बीच येथील फ्रान्सिस ल क्यू व त्यांचे सहकारी यांच्या कार्यातून निघालेला आणखी एक निष्कर्ष संशोधन-पद्धतीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात निरनिराळ्या उंचींवर पोलादाच्या सुट्या पट्ट्या टांगल्या, तर ओल्या-सुक्या होणाऱ्या मधल्या भागातील पट्ट्या वेगाने गंजतात. आता तेवढ्याच उंचीची एक अखंड पट्टी, धक्क्याच्या खांबासारखी, वरपासून खालपर्यंत उभी केली, तर भरती-ओहोटीच्या भागात क्षरण कित्येक पटींनी कमी होते आणि ओहोटीच्या रेषेच्या थोडे खाली ते वाढते.

पाणी तेच, पोलाद तेच, जागा तीच. मग उत्तर का बदलावे? अखंड पट्टीत मधल्या भागास मुबलक ऑक्सिजन मिळतो, म्हणून तो कॅथोड बनतो. खालचा, ऑक्सिजनला पारखा भाग ॲनोड बनून त्याच्यासाठी झिजतो. सुट्या पट्ट्यांत हा विद्युत्-संबंधच तुटलेला असतो, त्यामुळे प्रत्येक पट्टी आपापल्या स्थानी एकटी गंजते. जो अभियंता सुट्या पट्टीच्या साक्षीवर विसंबून धक्क्याच्या खांबाची जाडी ठरवील, तो जेथे गरज नाही तेथे पोलाद घालील आणि जेथे गरज आहे तेथे काटकसर करील. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा प्रयोग प्रत्यक्ष समुद्रात झाला होता. म्हणजे खऱ्या समुद्रात नमुना बुडविणे हेसुद्धा पुरेसे नाही. नमुन्याची मांडणी मूळ वस्तूच्या मांडणीशी जुळली पाहिजे. चंचुपात्रातील पाच सेंटिमीटरांच्या पट्टीबद्दल मग काय बोलावे!

४. वजन आणि काळ

क्षरण-वेग काढण्याची वजन-घटीची रीत सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत विश्वासार्ह आहे. तरी तिचे गणित उलगडून पाहणे उद्बोधक ठरते. ५ × २.५ × ०.२ सेंटिमीटर मापाच्या पट्टीचे एकूण क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर भरते. क्षरण-वेग वर्षाला ०.१ मिलिमीटर धरला, तर ३० दिवसांत तिचे वजन सुमारे १८१ मिलिग्रॅम घटेल. २४ तासांत मात्र केवळ ६ मिलिग्रॅम. गंज काढण्यासाठी पट्टी आम्लात धुतली की थोडे चांगले लोहही विरघळते. न गंजलेली पट्टी त्याच रीतीने धुऊन ही घट वजा केली नाही, तर दोन मिलिग्रॅमांची चूक महिन्याच्या प्रयोगात नगण्य राहील, पण एका दिवसाच्या प्रयोगात उत्तराचा तिसरा हिस्सा गिळून टाकील. चोवीस तासांच्या प्रयोगावरून तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेला वेग वाचताना हे गणित डोळ्यांपुढे असावे.

याहून गंभीर दोष काळाच्या गुणाकाराचा आहे. ‘मिलिमीटर प्रतिवर्ष’ हे एकक वापरताच वेग स्थिर आहे असा आभास होतो. वस्तुतः नव्या, घासलेल्या पृष्ठावर आरंभी क्षरण जलद होते आणि गंजाचा थर जाड होत जातो तसे ते मंदावते. समजा, पहिल्या महिन्यावरून वेग ०.३ मिलिमीटर प्रतिवर्ष आला. दहा वर्षांस तीन मिलिमीटर असे भाकीत केले, तर ते बहुधा फार फुगलेले ठरेल. परंतु केवळ मंदावणारा वक्र गृहीत धरणेही धोक्याचे आहे. ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट मेलचर्स यांनी दीर्घ मुदतीच्या निरीक्षणांवरून असे प्रतिपादिले आहे की, गंजाखाली ऑक्सिजन संपून जंतूंचे कार्य सुरू झाले की मंदावलेला वेग पुन्हा एकवार चढतो. ही दुसरी चढण महिना-दोन महिन्यांच्या प्रयोगास दिसणे शक्यच नाही. ती त्या प्रयोगाच्या काळाबाहेर घडते.

विद्युत्-रासायनिक पद्धतींनी काळ वाचतो, पण गृहीते वाढतात. ध्रुवण-वक्राचे सरळ भाग मागे वाढवून क्षरण-प्रवाह काढण्याची टाफेलची रीत आम्लात योग्य आहे. तटस्थ खाऱ्या पाण्यात कॅथोडची क्रिया ऑक्सिजनच्या विसरणावर अवलंबून असते. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन अवघा साडेसहा मिलिग्रॅमांच्या आसपास. अशा वेळी वक्राचा कॅथोडकडील भाग सरळ तिरपा नसून जवळजवळ सपाट असतो, आणि तेथे ओढलेली टाफेल-रेषा ही निसर्गाची नसून पट्टी धरणाऱ्या हाताची असते. स्टर्न व गिअरी यांनी १९५७ साली मांडलेले ध्रुवण-रोधाचे सूत्र अधिक निर्धोक आहे. मात्र त्यातील स्थिरांक २६ मिलिव्होल्ट असा न तपासता उचलला, तर उत्तर दुपटीने चुकू शकते.

हाच न्याय वनस्पतींच्या अर्कांपासून काढलेल्या क्षरणरोधकांस लागू पडतो. हायड्रोक्लोरिक आम्लात लोह विरघळते तेव्हा कॅथोडपाशी हायड्रोजन निघतो. समुद्रात ऑक्सिजनचे क्षपण होते. क्रियाच निराळी असल्यामुळे आम्लातील नव्वद टक्के संरक्षण समुद्रात दहा टक्केही राहील, असे आम्लातील प्रयोगावरून म्हणता येत नाही. आम्लाने धातू साफ करणाऱ्या कारखान्यांस या संशोधनाचा उपयोग आहे. प्रबंधाच्या अखेरच्या परिच्छेदात अवतरणाऱ्या ‘जहाजांचे व बंदरांचे संरक्षण’ या शब्दांस मात्र त्यात कसलाही आधार नसतो.

५. अंतर्देशीय प्रयोगशाळेचे खरे क्षेत्र

इतक्या आक्षेपांनंतर नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याने हा विषय सोडून द्यावा असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा होईल. केंब्रिजच्या यू. आर. एव्हन्स यांनी १९२० च्या दशकात केलेला प्रसिद्ध प्रयोग मेजावरील मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर झाला. लोखंडावर ठेवलेल्या त्या थेंबात दोन दर्शके होती. कडेशी, जेथे हवेतील ऑक्सिजन पोचतो, गुलाबी रंग आला आणि मध्यभागी, जेथे लोह विरघळते, निळा. ऑक्सिजनच्या असमान पुरवठ्याने क्षरण घडते, हे तत्त्व त्या थेंबाने डोळ्यांना दाखविले, आणि ल क्यू यांच्या अखंड पट्टीचे स्पष्टीकरणही त्याच तत्त्वात आहे. त्या थेंबाने क्रियेचे मर्म सांगितले, आयुर्मर्यादेचे भाकीत केले नाही. अंतर्देशीय प्रयोगशाळेचे बळ नेमके या भेदात आहे. कॅल्शियम असताना व नसताना, मॅग्नेशियम असताना व नसताना, स्थिर पाण्यात व वाहत्या पाण्यात, एका वेळी एकच घटक बदलून कारण शोधणे हे समुद्रात जवळजवळ अशक्य असते. ते चंचुपात्रातच साधते.

आयुर्मर्यादेचा प्रश्न हाती घ्यावयाचा असेल, तर नमुना समुद्राकडे गेला पाहिजे. आपल्या देशात त्याची परंपरा जुनी आहे. कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेने मंडपम् येथे किनाऱ्यावर परीक्षणकेंद्र चालविले; १९५३ साली मुंबईच्या गोदीत आरंभ झालेली नौदलाची प्रयोगशाळा आज अंबरनाथ येथे नाविक पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून कार्य करते; गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कोकणातील एखाद्या महाविद्यालयाच्या सहकार्याने धक्क्यावर लाकडी चौकटीत नमुने टांगून दर सहा महिन्यांनी काही नमुने काढून आणणे, यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ते सातत्य. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाची मुदत त्यास पुरणार नाही. विभागाने ते काम आपले म्हणून चालवावे आणि एका तुकडीने लावलेले नमुने पुढच्या तुकडीने काढावेत, तरच दुसऱ्या चढणीसारख्या गोष्टी दृष्टीस पडतील.

आणखी एक क्षेत्र दाराशीच आहे. गोदावरी आणि मांजरा यांचे पाणी, कूपनलिकांचे जड पाणी, आणि ती वाहून नेणारे पोलादी नळ यांचा अभ्यास करण्यास कोणताही समुद्र कृत्रिम रीतीने बनवावा लागत नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नद्या आटल्या की भूजलावर भार येतो आणि नळात वाहणारे पाणी बदलते. नळाच्या आत चुनखडीचा थर केव्हा बसतो आणि केव्हा विरघळतो, यासाठी लॅंजेलिअर यांनी १९३६ साली निर्देशांक मांडला. तो थर आणि समुद्रातील पोलादावर बसणारा थर यांचे रसायन एकाच घराण्यातले आहे. येथील पाण्यावर बसलेला हात पुढे समुद्राच्या अभ्यासातही वाया जाणार नाही.

सारांश, कसोटी वाईट नसते. तिच्याकडून न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वदवून घेणे वाईट. ‘३.५ टक्के सोडियम क्लोराइडच्या स्थिर विद्रावात, ३० अंश तापमानास, ३० दिवसांतील सौम्य पोलादाची वजन-घट’ हे शीर्षक लांबलचक व नीरस खरे, परंतु त्यातील प्रत्येक शब्दास प्रयोगाचा आधार आहे. ‘समुद्रजलातील क्षरण’ हे शीर्षक आटोपशीर व भारदस्त आहे. परंतु त्यातील मुख्य शब्दासच आधार नाही. परीक्षकांनी, मार्गदर्शकांनी आणि विद्यार्थ्यांनी पहिल्या प्रकारच्या शीर्षकाचा आग्रह धरला, तर प्रबंधांची संख्या घटणार नाही. त्यांतील आकडे मात्र किनाऱ्यावर पूल बांधणाऱ्याच्या हाती निःशंकपणे देता येतील, आणि कोणते आकडे देऊ नयेत हेही त्याला सांगता येईल.